विळीला जागा कुठे? रोजच्या वस्तूंचा घाट आणि आपण

अबोली७:
नमस्कार मंडळी. गेले तीन महिने डोक्यात घोळतंय ते लिहितेय, थोडं लांबेल, सांभाळून घ्या.

आई (वय ७६) जानेवारीत माझ्याकडे कायमची राहायला आली. सामान काय, तर दोन पिशव्या, औषधांचा डबा आणि जुन्या लुगड्यात गुंडाळलेली विळी. माझं स्वयंपाकघर मागच्याच वर्षी नव्याने करून घेतलंय, ड्रॉवर, वर कपाटं, खाली ट्रॉल्या, सगळं अगदी हौसेने. आणि त्यात विळी ठेवायला एकही जागा नाही! घडीची असती तर ड्रॉवरमध्ये गेली असती, पण ही जुनी, सागाच्या फळीवर पक्की ठोकलेली. ओट्यावर ठेवून उपयोग नाही आणि खाली म्हणाल तर ट्रॉल्या बाहेर ओढायला लागणारी जागा सोडली की माणूस मांडी घालेल एवढी जमीनच उरत नाही.

मग मी आईला चांगली सुरी आणि चॉपिंग बोर्ड आणून दिला. आठ दिवसांत मनगट धरून बसली. त्याचं एक वेळ ठीक आहे, मलम लावता येतं, पण एकदा भेंडी चिरता चिरता सुरी खाली ठेवून म्हणाली, "मला आता काही जमत नाही गं." जिने चाळीस-चाळीस माणसांच्या पंगतीची भाजी एकटीने चिरली ती बाई हे म्हणतेय. मला रात्री झोप आली नाही.

दुसऱ्या दिवशी हॉलमध्ये वर्तमानपत्र पसरलं, विळी मांडली, कोबी दिला. डावा पाय दुमडलेला, उजवा गुडघा उभा, पाऊल फळीवर रोवलेलं, धार आपल्याकडे. अर्धा गड्डा दोन्ही हातांत धरून पुढे सारायचा, जरासा मागे घ्यायचा, परत सारायचा. दोऱ्यासारखा कोबी पडत होता आणि ती माझ्याशी बोलत होती, कोबीकडे बघतसुद्धा नव्हती.

भांड्याला, हत्याराला आपण "घाट" म्हणतो ना, तांब्याचा घाट छान आहे वगैरे. घाट बदलला की काम करायची रीत बदलते हे कळतं, पण माणूस स्वतःला काय समजतो तेही बदलतं का? तुमच्या घरातल्या वस्तूंचे अनुभव लिहा. आणि विळीचं काय करू तेही सांगा.

सुतारपक्षी:
मस्त धागा. मी लाकूडकाम करतो त्यामुळे मला यात वेगळंच दिसलं. सुरीत भाजी स्थिर आणि पातं हलतं. विळीत पातं स्थिर आणि भाजी हलते. आमच्याकडे हातकरवत आणि बँडसॉ (एका जागी बसवलेली यंत्रावरची पट्टीची करवत) यात हाच फरक. हातकरवत चालवताना एक हात लाकूड दाबून ठेवण्यात जातो आणि सगळं काम दुसऱ्या हातावर. बँडसॉवर दोन्ही हात लाकडावर, त्यामुळे वळणं वळणं सहज कापता येतात. विळीत पकडून ठेवायचं काम पायाचं आहे, म्हणजे शरीराचं वजनच शिकंजा झालं. आईंचं पन्नास-साठ वर्षांचं कसब खांद्यात, बोटांत आणि पायात आहे, मनगटात नाही. तुम्ही सुरी दिलीत म्हणजे त्यांचं कसब बाजूला काढून ठेवलंत आणि नवशिक्या मनगटाला कामाला लावलंत. राग मानू नका.

अबोली७:
राग कसला, हे मला तीन महिन्यांपूर्वी कुणी सांगायला हवं होतं.

कोकणी_माणूस:
खवणी विसरलात काय? विळीच्या टोकाला खवणी आहे म्हणून ती आमच्याकडे घरात सगळ्यात मोठ्या मानाची. नारळाची वाटी दोन्ही तळव्यांत धरून फिरवायची, वाटीचा गोल आणि खवणीचा गोल एकमेकांत बसतात. करवंटीला खवणी लागली की आवाज बदलतो, खरखर येते, तिथे थांबायचं, नाहीतर खोबऱ्यात तपकिरी साल येते आणि सोलकढीचा रंग जातो. डोळे मिटून खवता येतं, कान पुरेत. माझी आजी शेवटची काही वर्षं दिसत नसताना खवायची.

गोंयकार_मनीस:
आमगेर आदोळी म्हण्टात. सॉरी, मराठीत लिहितो :) गोव्यात आदोळी, तिकडे बंगालमध्ये बोंटी. मासळी ज्यांच्या रोजच्या जेवणात आहे तिथे हे हत्यार आहेच. बाजारात मासेवाली बसते तिची केवढी मोठी असते बघा, सुरमईच्या गाबोळीला धक्का न लावता पोट उघडते. एका हातात सुरी धरून असला निसरडा मासा मला तरी आवरत नाही.

अनुस्वार:
विळीचं सगळ्यांशी सख्य, फक्त भोपळ्याशी विळ्या-भोपळ्याएवढं :)

पिंपळपान:
अनुस्वार, तुम्ही हसता पण आमच्याकडे अख्खा भोपळा बाई चिरत नाही, आधी घरातल्या पुरुषाने एक वार करायचा मग पुढचं. घरात पुरुष नसेल तर शेजारच्या काकांना हाक. लहानपणी मला वाटायचं भोपळा कडक असतो म्हणून. पण फणस त्याहून कडक, तो आईच चिरायची!

वसुधा:
सगळ्यांचं वाचलं. मला थोडं वेगळं म्हणायचंय आणि ते मनापासून म्हणतेय, कुणाला दुखवायला नाही.

आमच्या घरी १९८४ साली ओटा झाला. त्याआधी माझी आजी पस्तीस वर्षं जमिनीवर, स्टोव्हसमोर, वाकून. भाकरी थापायची खाली, भाजी चिरायची खाली, भांडी घासायची खाली, आणि प्रत्येक वस्तूला उठ-बस उठ-बस. ओटा झाला त्या दिवशी आजी दिवसभर ओट्यापाशी उभी राहून येईल त्याला चहा करून देत होती. चाळीतली सगळी माणसं चहा पिऊन गेली. तेव्हा विळी-जातं-पाटा यांचं कौतुक करताना त्या बायांच्या पाठीचा, गुडघ्यांचा विचार करा एवढंच.

पण हेही सांगते. ओट्याची उंची गवंड्याने घेतली ती स्वतःच्या कमरेच्या अंदाजाने. आजी चार फूट नऊ इंच. तिला कुणी विचारलंच नाही. मग ती काय करायची, तर बसायचा पाट ओट्यासमोर ठेवायची आणि त्यावर उभी राहून पोळ्या लाटायची. बसायचा पाट उभं राहायला. सोळा वर्षं. पाटावर तिच्या पावलांचे दोन खोलगट डाग पडलेत, तो मी अजून टाकलेला नाही.

सायली_द:
वसुधाताई, पाटाचं वाचून डोळ्यांत पाणी आलं.

राईन_काठ:
वसुधाताईंनी ओट्याचा विषय काढला म्हणून लिहितो. मी फ्रँकफुर्टजवळ राहतो. आजच्या मॉड्युलर किचनची पणजी म्हणतात ते स्वयंपाकघर इथलंच. पहिल्या महायुद्धानंतर घरांची टंचाई होती, एर्न्स्ट मे यांच्या देखरेखीखाली शहराने स्वस्त वसाहती बांधायला घेतल्या आणि त्यातलं स्वयंपाकघर १९२६ साली मार्गारेटे श्युटे-लिहोत्स्की या वास्तुविशारद बाईंनी आखलं. जेमतेम १.९ मीटर बाय ३.४ मीटर. रेल्वेच्या जेवणाच्या डब्यात एवढ्याशा जागेत इतका स्वयंपाक कसा होतो ते त्यांनी पाहिलं होतं. कामाला किती वेळ लागतो, बाई किती पावलं चालते याचं मोजमाप डोळ्यांसमोर ठेवून प्रत्येक गोष्टीची जागा ठरवली. अशी सुमारे दहा हजार स्वयंपाकघरं झाली. एक इथल्या एर्न्स्ट मे हाउसमध्ये जपून ठेवलंय, मी दोनदा जाऊन आलोय.

तिथे मला सगळ्यात आवडलं ते काय सांगू? खिडकीखाली कामाचं टेबल आणि त्याला फिरतं स्टूल. म्हणजे बाईने भाजी बसून चिरावी, उजेडात चिरावी हे त्या पहिल्या आराखड्यात होतं! टेबलातच कचऱ्यासाठी खाच, सालं थेट त्यात. पुढे जगभर ओटे पसरले, ड्रॉवर पसरले, आणि स्टूल तेवढं कुठेतरी गळून गेलं. आज आपल्याकडे लाखो रुपये खर्च करून केलेल्या किचनमध्ये बसायला जागा नसते.

दुसरी बाजूही आहे. ते स्वयंपाकघर एकाच माणसाच्या मापाचं. दोन बायका आत मावत नाहीत. त्यामुळे बाई आत एकटी पडली अशी टीका त्यावर पुढे झाली. अबोलीताईंच्या आई कोबी चिरताना गप्पा मारत होत्या, तसं तिथे होणं कठीण.

टिकाऊ:
तांब्याचा उल्लेख झाला म्हणून. अमेरिकेतलं चार्ल्स आणि रे ईम्स हे जोडपं, खुर्च्यांसाठी प्रसिद्ध, भारत सरकारच्या बोलावण्यावरून इथे फिरलं आणि १९५८ साली त्यांनी अहवाल दिला. त्यातूनच पुढे १९६१ मध्ये अहमदाबादची राष्ट्रीय डिझाइन संस्था, म्हणजे एनआयडी, उभी राहिली. तर भारतात बघितलेल्या वस्तूंमध्ये त्यांना सगळ्यात सुंदर कोणती वाटली, तर लोटा. आपला तांब्या.

आणि नुसतं सुंदर आहे म्हणून सोडून दिलं नाही. असा लोटा नव्याने घडवायचा तर काय काय विचारात घ्यावं लागेल ते त्यांनी मांडलंय. पाणी किती, हात केवढा, डोक्यावर न्यायचा की कमरेवर, भरलेला असताना तोल कुठे, रिकामा असताना कुठे, ओतताना धार कशी पडते, आतून हात घालून घासता येतो का, गरम-गार किती राहतं, दगडावर ठेवला की आवाज कसा येतो. आणि त्यांचं म्हणणं, हे सगळं कुणा एका माणसाने बसून ठरवलेलं नाही, पिढ्यान् पिढ्या माणसं थोडं थोडं बदलत गेली आणि त्यातून तो घाट आला.

मी हे वाचल्यावर घरातला तांब्या घेऊन बसलो. अंगठा काठाच्या आत, चार बोटं गळ्याखाली, फुगीर पोट तळव्याला टेकतं. बोटं ओली असली तरी सटकत नाही कारण काठ बाहेर वळलाय. चाळीस वर्षं हातात धरतोय, लक्ष कधी दिलं नव्हतं.

मांजरा_काठ:
मी लातूरचा. तोल, कंबर वगैरे वाचलं आणि थेट पाण्याच्या रांगेत गेलो.

२०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेने आमच्याकडे पाणी आलं ते सगळ्यांनी बातम्यांत बघितलं. रांगेत मी तासन् तास उभा राहिलोय. तिथे एक गोष्ट बघा, तांब्या-पितळेच्या घागरी जाऊन प्लॅस्टिकच्या आल्या, निळ्या, हिरव्या, केशरी, पण घाट तोच राहिला. गोल पोट, अरुंद गळा, बाहेर वळलेला काठ. प्लॅस्टिक तर कसंही ओतता येतं, चौकोनी का नाही केलं? कारण चौकोनी भांडं कमरेवर बसत नाही. पंधरा लिटरची घागर म्हणजे पंधरा किलो पाणी. मी लहान असताना आई ते पोट कमरेच्या हाडावर टेकवायची, डावा हात गळ्याभोवती, आणि उजवा मोकळा. त्या मोकळ्या हातात मी. बादली घेऊन तेच अंतर चालून बघा, एक हात तुटतो, बादली नडगीला आपटते आणि घरी येईस्तोवर चौथा हिस्सा पाणी चपलेत. गळा अरुंद आहे म्हणून हिंदकळून सांडत नाही. ज्या गावात पाणी दीड किलोमीटरवर आहे तिथे गळ्याची रुंदी हा साधा प्रश्न नाही.

वसुधाताईंचं पण पटतं. घाट कितीही चांगला असला तरी नळ घरात आलेला बरा. घागर शोकेसमध्ये गेली तर मला आनंदच होईल.

वसुधा:
मांजरा काठ, "त्या मोकळ्या हातात मी". नमस्कार तुम्हाला आणि आईंना.

पिंपळपान:
पुण्यात कसबा पेठेत तांबट आळीत जाऊन बघा कधी. गल्लीत शिरायच्या आधी ठोक्यांचा आवाज येतो. बंबावर, हंड्यावर ते बारीक बारीक ठोके असतात ना, ते मठारकाम. मला लहानपणी नक्षी वाटायची. तिथल्या एका कारागिरांनी समजावलं, पत्रा तापवून नरम केलेला असतो, ठोक्याने तो परत कडक होतो, म्हणून पातळ पत्र्याचं भांडंही चेपत नाही. शोभा नंतरची. शिवाय पोचे पडले, चरे पडले तरी त्या ठोक्यांत लपून जातात.

आणि कल्हई! दारात कल्हईवाला आला की आम्ही पोरं भात्याभोवती. भांडं तापवायचं, नवसागर टाकला की भस्सकन पांढरा धूर, मग कथलाची कांडी टेकवून फडक्याने सरसर फिरवलं की काळंकुट्ट भांडं चांदीसारखं. कल्हई नसेल तर ताक, आमटी कळकते. म्हणजे ज्या वस्तूला वर्षातून एकदा कुणाच्या तरी हाताची गरज लागते अशी वस्तू. आता स्टील आलं, कुणाची गरज नाही. सोय झाली, खरंय. पण कल्हईवाला आमच्या गल्लीत शेवटचा कधी आला ते घरात कुणालाच आठवत नाही.

सायली_द:
जात्याबद्दल कुणीच कसं लिहिलं नाही? दोघी समोरासमोर बसून एकच खुंटा धरतात. बसायची रीतच अशी की समोरचीचं तोंड दिसणार. त्या लयीत ओव्या झाल्या. गी पॉयत्वाँ आणि हेमा राईरकर यांनी खेड्यापाड्यांतून अशा लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्यात. पिठाच्या गिरणीपाशी रांगेत उभं राहून ओवी कशी सुचणार?

वसुधा:
सायली, त्या ओव्यांमध्ये माया आहे तसं सासरचं दुःखही भरभरून आहे गं. पहाटे चारला उठून दळताना रडता येत नव्हतं म्हणून गायल्या असतील काही. गिरणी आली तेव्हा बायांना झोप मिळाली. मला दोन्ही खरं वाटतं, ओव्या गेल्याचं वाईटही वाटतं आणि झोप मिळाल्याचा आनंदही. जातं दोघींना समोरासमोर बसवत होतं ही तुझी गोष्ट मात्र डोक्यात राहील.

कोकणी_माणूस:
आमच्याकडे मिक्सर आला तसा पाटा मागच्या पडवीत गेला. पण पुतण्याच्या पाचवीला पाटा-वरवंटा धुऊन आत आणला, पूजा झाली. बारशाला वरवंट्याला कुंची घालून "कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या" करत पाळण्याखालून फिरवला. वहिनी म्हणाली आता काय मिक्सरचं भांडं फिरवायचं काय? सगळे हसलो, पण खरंच, वरवंटा गुळगुळीत, गोल, बाळाएवढा जड, हातात घेतला की आपोआप छातीशी धरला जातो. त्याचा गोपा होतो. मिक्सरचा नाही होणार.

टिकाऊ:
थोडं अवांतर. चार बर्नरच्या शेगडीची बटणं एका ओळीत का असतात? बर्नर चौकोनात आणि बटणं रांगेत, कुठलं कुणाचं हे पाच वर्षांनी सुद्धा चुकतं. परवा दूध समजून रिकाम्या तव्याखालचा गॅस वाढवला. बटणं बर्नरसारखीच दोन पुढे दोन मागे मांडली असती तर चिन्हं काढायलाच लागली नसती.

अनुस्वार:
याच्या उलट आतल्या झाकणाचा कुकर. झाकण लंबगोल, तिरकं करून आत घालायचं, मग वाफ स्वतःच ते खालून दाबून धरते. आत वाफ कोंडलेली असेपर्यंत ते निघणारच नाही. सूचना वाचायला नको, घाई करणाऱ्या माणसाला वस्तूच थांबवते. शिवाय शिट्टी. मुळात ती जादा वाफ सोडायची सोय, आपण तिचं घड्याळ केलं. डाळीला तीन, राजम्याला सात. माझी बायको दुसऱ्या खोलीतून शिट्ट्या मोजते आणि मला विचारते किती झाल्या, माझं चुकलेलं असतं :)

राईन_काठ:
अबोलीताई, मनगटावरून अजून एक. ऑक्सो नावाच्या सोलाण्या-सुऱ्या मिळतात, जाड मऊ रबरी मुठीच्या. सॅम फार्बर यांच्या पत्नीला, बेट्सीला, संधिवात होता, साध्या पत्र्याच्या सोलाण्याने सालं काढताना त्यांचे हात दुखायचे. त्यातून त्या मुठी घडल्या, १९९० साली बाजारात आल्या. आजारी हातासाठी केलेली मूठ धडधाकट माणसांनाही आवडली. आईंना सुरी वापरावीच लागली तर अशी बघा. पण माझं मत विळीच्या बाजूने.

सुतारपक्षी:
मूळ प्रश्न राहिलाच. अबोलीताई, दोन मार्ग दिसतात.

एक, जेवणाच्या टेबलाला विळीची फळी शिकंज्याने आवळायची आणि आईंनी खुर्चीवर बसायचं. पण एक लक्षात घ्या, टेबलावर पातं छातीच्या उंचीला येतं. ढकलायचा कोन बदलतो. करायचंच तर कमी उंचीचं, गुडघ्याएवढं बाकडं करून घ्या.

दोन, खिडकीखालची एक ट्रॉली काढून टाका. पावणेतीन फूट जागा मिळेल. आत जमिनीवर पाट. आईंना बसता येतं, अडचण उठताना येत असेल. शेजारच्या कपाटाच्या बाजूला जमिनीपासून दोन फुटांवर एक उभी मूठ ठोका, भक्कम, आतून लाकडाचा आधार देऊन. उठताना हाताला काहीतरी हवं असतं, बाकी गुडघे अजून करतील.

अबोली७:
सर्वांना उत्तर द्यायला उशीर झाला, कारण आमच्याकडे सुतार आला होता!

आधी सुतारपक्षींचा पहिला मार्ग करून बघितला, टेबलाला शिकंजा. आई बसली, दोन भेंड्या चिरल्या आणि म्हणाली, "पाय कुठे ठेवू?" तिथेच ते संपलं. पाय फळीवर नसेल तर विळी तिची नाही.

मग खिडकीखालची ट्रॉली काढली. किचन करून देणाऱ्यांनी सांगितलं होतं की असं केलं तर लूक जाईल. जाऊ दे. आत माझ्या लग्नातला पाट ठेवलाय, विळी भिंतीला आडवी, पातं आत करून. बाजूला स्टीलची मूठ, बाथरूममध्ये लावतात ती. पहिल्या दिवशी उठताना आईने मूठ धरली आणि उठून उभी राहिल्यावर परत एकदा उगाच बसून परत उठली.

काल संध्याकाळी लेक (वय ९) तिच्यासमोर फतकल मारून मेथी निवडत होती आणि आई कांदे चिरत होती. मी ओट्यापाशी, त्या दोघी खाली. मला खाली वाकून बोलावं लागत होतं, शेवटी मीच गॅस बारीक करून खाली बसले. लेकीला विळी शिकायचीय, आई म्हणते आधी केळं चिरायला देते.

आता एकच, पात्याची धार गेलीय. सुरीला धार लावायचं ते छोटं यंत्र विळीच्या वळणावर चालत नाही. ठाण्यात कुणी सायकलवरचा धारवाला बघितलाय का अलीकडे?

पिंपळपान:
ठाण्याचं माहीत नाही. पण वरवंटा-पाटा असेल तर पाट्याच्या कडेवर पाणी घालून घासा, आजी तेच करायची.

कोकणी_माणूस:
पाट्यावर नको, पातं खाईल. मे महिन्यात गावी येताय ना? विळी घेऊन या, आमच्या वाडीतला लोहार अजून भट्टी पेटवतो. आणि खवणीचे दातही बघून घ्या त्याच्याकडून, बसले असतील इतक्या वर्षांत.